शारदेची नक्कल

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



व्याख्यानमालेच्या पत्रिकेत ‘शाळेतील संगीत नाटक’ हा विषय पाहून काही श्रोत्यांना थोडे आश्चर्य वाटले असणे स्वाभाविक आहे. परंतु या सभागृहातील पांढऱ्या केसांकडे दृष्टी टाकली, तर यांपैकी कितीतरी जणांनी कधी ना कधी हायस्कूलच्या गॅदरिंगमध्ये तोंडाला रंग लावला असेल, याची खात्री पटते. त्या वयातले बीजगणित विसरते, सनावळ्या विसरतात. पण पाठ केलेला संवाद आणि घटवून घेतलेले पद साठ वर्षांनंतरही जिभेवर येते. मात्र या आठवणी केवळ गोड असतात, असे म्हणणे धाडसाचे होईल. टाळ्यांच्या शेजारीच काहीतरी खुपत असते.

आजचे विवेचन एकाच प्रयोगापुरते आहे. सांगली आणि कोल्हापूर यांच्या दरम्यानच्या एका गावातील हायस्कूलने १९६३ च्या जानेवारीत ‘संगीत शारदा’ हे नाटक बसविले. त्यात शारदेची भूमिका करणारी विद्यार्थिनी आपल्याच समाजातील होती. गाव, शाळा आणि घराणे यांची नावे येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. सासरी पुढे सर्व जण त्यांना ‘अक्का’ म्हणू लागले. तेवढी ओळख पुरेशी आहे.

तरुण श्रोत्यांसाठी नाटकाविषयी थोडेसे. ‘शारदा’चे कर्ते गोविंद बल्लाळ देवल यांचा जन्म १८५५ चा, सांगलीजवळच्या हरिपूरचा. कृष्णा आणि वारणा यांचा संगम जेथे होतो, तेच हे हरिपूर. बेळगावच्या शाळेत त्यांना शिक्षक लाभले ते अण्णासाहेब किर्लोस्कर. म्हणजे मराठी संगीत रंगभूमीचे हे नातेही मुळात शाळेच्या वर्गातच जुळलेले आहे. देवलांनी सात नाटके लिहिली. त्यांतील सहा अन्य कथानकांच्या आधाराने रचलेली. ‘शारदा’ हे एकच सर्वस्वी स्वतंत्र. १८९९ साली ते रंगमंचावर आले. धनलोभी कांचनभट आपली कोवळी मुलगी भुजंगनाथ नावाच्या श्रीमंत थेरड्याला देऊ करतो, भद्रेश्वर दीक्षित मध्यस्थी करतो, आणि कोदंड नावाचा तरुण तो विवाह उधळून लावतो, अशी ही कथा. जरठकुमारी विवाहाच्या प्रथेवर मराठीत निबंध पुष्कळ झाले होते. पण निबंध वाचून कोणी रडत नाही. शारदा पाहून लोक रडले.

योगायोग असा की, दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापनाही १८९९ चीच. सभेच्या कार्यकर्त्यांनी स्त्रीशिक्षणाचा जो आग्रह धरला, त्याची माहिती या श्रोतृवर्गाला वेगळी द्यावयास नको. एक गैरसमज मात्र दूर केला पाहिजे. बालविवाह प्रतिबंधक कायद्याला आपल्याकडे ‘शारदा कायदा’ म्हटले जाई, आणि तो या नाटकामुळे झाला असे अनेक जुनी माणसे छातीठोकपणे सांगत. वास्तविक ते नाव अजमेरच्या हरविलास सारडा यांच्यावरून पडले. १९२९ चा तो कायदा १ एप्रिल १९३० पासून अमलात आला. नाटकाशी त्याचा नावापुरताही संबंध नाही. पण लोकांनी तो जोडला, यातच नाटकाचे वजन कळते.

आता त्या हायस्कूलकडे वळू. ऑक्टोबर-नोव्हेंबर १९६२ मध्ये चीनशी युद्ध झाले. राष्ट्रीय संरक्षण निधीसाठी गावोगावी झोळ्या फिरत होत्या, स्त्रिया अंगावरचे दागिने देत होत्या. नेहमीच्या गॅदरिंगला एखादी एकांकिका आणि चार नकला यांवर भागत असे. त्या वर्षी मुख्याध्यापकांनी ठरविले की पूर्ण नाटक बसवायचे; एक प्रयोग पालकांसाठी, आणि दुसरा तिकीट लावून, संरक्षण निधीसाठी. मराठी शिकविणारे सर स्वतः पेटी उत्तम वाजवीत. तरुणपणी त्यांनी एका नाटक मंडळीबरोबर दोन वर्षे काढली होती, असे गावात बोलले जाई. त्यांनी ‘शारदा’ सुचविले. सामाजिक आहे, पदे लोकांना पाठ आहेत, आणि गावात जुने रसिक पुष्कळ आहेत, ही त्यांची कारणे.

शारदेच्या भूमिकेसाठी त्यांनी निवडला होता नववीतला एक मुलगा. यात कोणाला वावगे वाटले नाही. स्त्रीभूमिका पुरुषांनी करण्याची परंपरा व्यावसायिक रंगभूमीवर तोपर्यंत मागे पडली होती. शाळांतून मात्र ती सोयीस्कर म्हणून टिकून होती. शिवाय या भागात शारदा म्हटले की केशवराव भोसले आठवत. कोल्हापूरच्या या मुलाने स्वदेश हितचिंतक मंडळीत अगदी लहान वयात शारदेची भूमिका केली आणि नाव कमावले; पुढे १९०८ मध्ये ‘ललितकलादर्श’ काढली. गावातील वृद्ध मंडळी आपण ती शारदा पाहिल्याचे सांगत. त्यातले खरे किती, हा भाग निराळा. केशवराव १९२१ मध्येच निवर्तले होते.

त्या मुलाचा आवाज काळी चारच्या पट्टीत मोकळा फिरत असे. दिवाळीनंतर तालमी सुरू झाल्या, पदे बसली. डिसेंबरच्या मध्यावर एके दिवशी एका पदाच्या अंतऱ्यात त्याचा स्वर चिरला. सर्वांना वाटले, सर्दी. ज्येष्ठमधाच्या काड्या झाल्या, हळद-दूध झाले. आठवड्यानंतरही आवाज एका क्षणी वर, एका क्षणी खाली, असा फसू लागला. सरांनी काय ते ओळखले. या वयात मुलाचे स्वरयंत्र वाढते, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आणि आवाज सुमारे एका सप्तकाने खाली उतरतो. जुन्या नाटक मंडळ्यांचे मालक या एका गोष्टीला फार भीत. ज्याच्या गळ्यावर तिकिटे खपत, तो मुलगा एका हंगामात पुरुषपार्टी होऊन जाई. शाळेतल्या त्या मुलाला मात्र हे कोणी समजावून सांगितले नाही. तालमीत तो गाऊ लागला की मैत्रिणींच्या भूमिकेतली मुले तोंडाला पदर लावून हसत. अखेर सरांनी त्याच्या हातून शारदेची नक्कल काढून घेतली आणि भुजंगनाथाची दिली.

‘नक्कल’ हा शब्द येथे नाटकवाल्यांच्या अर्थाने आहे. संपूर्ण नाटकाची प्रत प्रत्येकाला देणे परवडत नसे. म्हणून ज्याची जी भूमिका, तेवढेच संवाद वहीत उतरवून त्याला देत. समोरच्या पात्राच्या वाक्यातले शेवटचे दोन-तीन शब्द फक्त असत. ते ऐकू आले की आपले वाक्य म्हणायचे. वही हाती असलेल्याला आपले सगळे कळते. दुसरा आपल्याविषयी काय बोलतो, त्याचे शेपूट तेवढे कळते.

मोकळी झालेली शारदेची नक्कल कोणाला द्यायची, हा प्रश्न पडला. दहावीच्या वर्गात सात मुली होत्या. त्यांतली एक तालमीच्या खोलीबाहेरच्या व्हरांड्यात रोज रेंगाळत असे, आणि सर्व पदे तिला चालींसह येत होती. शास्त्रोक्त शिक्षण काही नव्हते. सकाळी जिनमंदिरात आजीबरोबर पूजेचे पाठ आणि आरती म्हणता म्हणता गळा तयार झालेला. सरांनी एकदा तिला पेटीसमोर बसवून पट्टी पाहिली आणि त्याच संध्याकाळी तिच्या वडिलांच्या, म्हणजे आप्पांच्या, गुळाच्या अडत दुकानाची पायरी चढले.

आप्पा रागीट नव्हते. त्यांनी सरांना चहा दिला, ऐकून घेतले, आणि बराच वेळ तराजूकडे पाहत राहिले. पोरीने स्टेजवर जायचे, तेही मुलांबरोबर, ही गोष्ट त्यांच्या घराण्यात झालेली नव्हती. सरांनी शेवटी संरक्षण निधीचे नाव काढले. त्या दिवसांत त्याला नाही म्हणणे कोणालाही जड होते. “मास्तर, देशाचं काम म्हणताय म्हणून,” आप्पा म्हणाले, आणि अटी घातल्या. तालीम दिवे लागायच्या आत संपली पाहिजे, कारण घरी सूर्यास्तापूर्वी जेवण होते. तालमीला आजी येऊन बसेल. आणि कोणत्याही मुलाने तिच्या हाताला हात लावायचा नाही.

तिसऱ्या अटीचा नाटकावर झालेला परिणाम सांगण्यासारखा आहे. लग्नाच्या प्रसंगात अंतरपाट असतो, त्यामुळे तेथे अडचण नव्हती. आप्पांना तो अंतरपाट फार पसंत पडला. अडचण होती पाचव्या अंकाची. मूळ नाटकात वधूवर सगोत्र असल्याचे उघडकीस येऊन विवाहविधी अर्धवट थांबतो. त्यानंतर ना धड कुमारी, ना धड विवाहित, अशा अवस्थेतील शारदा नदीत जीव द्यायला निघते. कोदंड तिला वाचवितो, आणि पुढे धर्मपीठाच्या संमतीने त्या दोघांचा विवाह होतो. शाळेच्या मुलीने जीव द्यायला निघणे मुख्याध्यापकांना नको होते. तिला मुलाने हात धरून मागे ओढणे आप्पांना चालणार नव्हते. वेळही कमी होता. सरांनी तो भाग काढूनच टाकला. लग्न मोडले, लोक “मोडले, मोडले” म्हणून ओरडले, की दर्शनी पडदा. नकलेच्या शेवटच्या पानावर सरांनी तांबड्या शाईने एकच शब्द लिहून दिला: ‘पडदा’.

या एका शब्दाचा अक्कांच्या आठवणीत मोठा वाटा आहे. संपूर्ण पुस्तक प्रॉम्प्टरच्या हाती असे. मुलीने ते मागून वाचावे, असे तिच्या मनातही आले नाही. शेवट चांगला होतो, एवढे तिने ऐकले होते. म्हणून तिच्या लेखी शारदेची गोष्ट मांडवातच संपली. मोडलेल्या लग्नानंतर त्या मुलीचे काय होते, हे पंचवीस वर्षे तिला ठाऊक नव्हते.

पहिला प्रयोग पालकांचा. हायस्कूलच्या पटांगणात मांडव, कोल्हापूरहून भाड्याने आणलेले पडदे आणि कपडेपट, समोर टांगलेले दोन माईक, आणि सरांच्या ओळखीने मिळविलेली पायपेटी. साडेनऊला तिसरी घंटा झाली. शारदेने संध्याकाळी साडेपाचला घरी जेवण केलेले; त्यानंतर पाणीही घ्यायचे नाही हा घरचा नियम. थंडीचे दिवस होते, तरी बत्त्यांची धग, रंगाचा वास आणि भीती यांनी घसा कोरडा पडू लागला. दुसऱ्या अंकापर्यंत निभावले. तिसऱ्या अंकापूर्वी विंगेत तिला जाणवले की वरच्या षड्जाला आवाज पोहोचणार नाही. शिवण शिकविणाऱ्या बाईंनी कोमट पाण्याची वाटी आणि खडीसाखरेचा खडा पुढे केला. पहिल्यांदा तिने मान हलविली. मग तिला तालमीतला तो मुलगा आठवला, त्याचा चिरलेला स्वर आणि पदराआडचे हसणे आठवले. तिने वाटी घेतली आणि पाणी पिऊन टाकले.

त्या अंकातले पद असे लागले की ‘वन्स मोअर’ आला. पुन्हा म्हटले, पुन्हा आला. अक्का सांगत, की तो आवाज ऐकताना अंगावर काटा आला आणि त्याच क्षणी समोरच्या रांगेत बसलेली आजी दिसली. घरी जाताना आजी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मंदिरात मुलीने मनोमन क्षमा मागितली, स्वतःलाच एक उपवास लावून घेतला, आणि कारण कोणाला सांगितले नाही. टाळ्या आणि ती वाटी या दोन गोष्टी त्यांना पुढे कधीच वेगळ्या काढता आल्या नाहीत. लग्नानंतर पहिल्या पंचमीला माहेरी आल्यावर त्यांनी आजीपुढे सारे कबूल केले. आजी तांदूळ निवडीत होती. “ते मला तवाच कळलं होतं,” ती म्हणाली, “आवाज एकदम मोकळा झाला की गं तुझा.” एवढेच. त्यात क्षमा होती की समज, की नुसतीच ओळख, हे अक्कांना उलगडले नाही.

आप्पा त्या रात्री रडले. ही गोष्ट पुष्कळांनी पाहिली. कांचनभट मुलीची किंमत ठरवतो त्या प्रसंगी त्यांनी उपरण्याने डोळे पुसले आणि शेजारच्या व्यापाऱ्याला म्हणाले, की असल्या बापाला फटके मारले पाहिजेत.

दुसरा प्रयोग आठ दिवसांनी झाला. तिकीट एक रुपया आणि पन्नास नये पैसे. आसपासच्या गावांतून बैलगाड्या आणि सायकली आल्या. मांडवाच्या कनाती उचलून माणसे उभी राहिली. निधी चांगला जमला. गावातील दुष्परिणाम मात्र याच प्रयोगानंतर सुरू झाले. टवाळ मुले घरावरून जाताना शारदेचे पद गुणगुणू लागली. बाजारात आप्पांना कोणी ‘शारदेचे वडील’ म्हणे. त्यात कौतुक किती आणि चिमटा किती, हे त्यांना कळेना. आणि त्याच प्रयोगाला तिकीट काढून आलेल्या एका कुटुंबाने मध्यस्थामार्फत विचारणा केली. घर समाजातले, सुखवस्तू, किराणा मालाचे दुकान. मुलगा बावीस वर्षांचा, मॅट्रिक झालेला, निर्व्यसनी. मुलगी पसंत आहे असे त्यांनी कळविले. तिचा चेहरा, तिचे उभे राहणे, तिचा आवाज त्यांना आवडला होता. लग्नानंतर गाणे-नाटक नको, एवढीच त्यांची अपेक्षा होती.

घाई होण्यास आणखी एक कारण घडले. त्याच जानेवारीत सरकारने सुवर्ण नियंत्रणाचे नियम आणले आणि १४ कॅरटपेक्षा अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडविण्यास बंदी झाली. सराफ कट्ट्यावर हाहाकार उडाला. घरात आजीचे जुने दागिने होते. पुढे नियम आणखी काय होतील कोण जाणे, आहे त्यात उरकून घ्यावे, असे नातलगांनी सुचविले. वैशाखात लग्न झाले. अकरावीची, म्हणजे त्या वेळच्या मॅट्रिकच्या वर्गाची फी भरली गेली नाही.

यात कोणी कायदा मोडला नव्हता. सारडा कायद्याने मुलीचे किमान वय १४ ठरविले होते, १९४९ च्या दुरुस्तीने ते १५ झाले, आणि १८ व्हायला १९७८ साल उजाडावे लागले. वधूला पंधरा पूर्ण होऊन सोळावे लागले होते. नवरा म्हातारा नव्हता, हुंड्याची घासाघीस नव्हती. कांचनभट, भुजंगनाथ आणि दीक्षित यांच्यापैकी एकही माणूस त्या मांडवात नव्हता. म्हणूनच, अक्कांच्या शब्दांत, रागवायला कोणी सापडेना. देवलांनी दुष्ट बाप रंगविला, आणि प्रेक्षागृहातल्या प्रत्येक बापाला आपण तसे नाही याचे समाधान घेऊन घरी जाता आले. नाटकाचा हा दोष मानावा की प्रेक्षकांचा, यावर मतभेद होऊ शकतील. आप्पांचे अश्रू खोटे होते, असे मात्र कोणी म्हणू नये.

सासरी माणसे चांगली होती. सासूबाईंनी कधी शब्दाने दुखविले नाही. गाण्याची मनाई कोणी पुन्हा उच्चारली नाही, कारण ती मोडण्याचा प्रसंगच आला नाही. मंदिरात आरतीच्या वेळी अक्का इतरांच्या आवाजात आवाज मिसळून म्हणत. एकटीचा आवाज वर जाऊ देत नसत. १९६३ मध्येच सांगलीला आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले. पुढे दुकान बरे चालू लागल्यावर यजमानांनी रेडिओ आणला. नाट्यसंगीत लागले की ते आवर्जून आवाज वाढवीत. ‘शारदा’तले पद लागले की अक्का उठून स्वयंपाकघरात जात. “बंद करू का?” ते विचारीत. “असू दे. तुम्ही ऐका,” आतून उत्तर येई. बायकोला नाटकाचा तिटकारा असावा, अशी त्यांची समजूत झाली. आपल्यासाठीच ते आवाज वाढवीत होते, हे अक्कांनाही फार उशिरा कळले. दोन भल्या माणसांनी एका रेडिओसमोर इतकी वर्षे असा गैरसमज सांभाळावा, याला काय म्हणावे?

त्यांची मुलगी सतरा वर्षांची असताना तिला एक स्थळ सांगून आले. तोपर्यंत कायदा बदलला होता, पण गावात त्याची फारशी कोणी फिकीर करीत नसे. तेव्हा अक्का पहिल्यांदा घरात मोठ्याने बोलल्या. मुलगी बी. कॉम. झाली, मग लग्न झाले. त्या मोठ्याने बोलण्यामागे काय होते, हे मुलीने विचारले नाही आणि आईने सांगितले नाही.

भुजंगनाथ झालेल्या मुलाचीही आठवण येथे नोंदविली पाहिजे. त्याला त्या वर्षी अभिनयाचे पहिले बक्षीस मिळाले. फुटलेला आवाज म्हाताऱ्याच्या भूमिकेला अचूक बसला; लोक पोट धरून हसले. परंतु गावाने त्याचे खरे नाव जणू काढून घेतले. पुढे तो सोसायटीत हिशेबनीस झाला, कर्ता पुरुष झाला, आजोबा झाला, तरी समवयस्क त्याला ‘भुजंगराव’च म्हणत. शाळेच्या एका मेळाव्यात, साठी उलटल्यावर, त्याने अक्कांना सांगितले की दोन महिने त्याने शारदा पाठ केली होती, आईने आपली जरीची साडी त्यासाठी काढून ठेवली होती, आणि नक्कल परत घेतली त्या रात्री तो जेवला नव्हता. प्रयोगात अंतरपाटापलीकडे उभा असताना तिचा श्वास थरथरताना त्याला ऐकू येत होता, आणि तिच्या प्रत्येक पदाला विंगेत त्याचे ओठ हलत होते. त्यानंतर तो कधी गायला नाही. अक्कांनी त्याची क्षमा मागितली. कशाबद्दल, हे त्याला समजेना. तो गोंधळून हात जोडून उभा राहिला.

१९८८ मध्ये एका हौशी संस्थेचा ‘शारदा’चा प्रयोग कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहात होता. शाहू महाराजांनी बांधविलेले हे पॅलेस थिएटर १९१५ चे. केशवरावांचे नाव त्याला पुढे मिळाले. यजमान दोन तिकिटे घेऊन आले. अक्का नको म्हणाल्या, पण गेल्या. लग्न मोडल्यावर त्या सवयीने उठू लागल्या, तेव्हा यजमानांनी खाली बसविले. पडदा पुन्हा वर गेला. पंचवीस वर्षांपूर्वी ज्या मुलीची भूमिका त्यांनी केली, ती नदीकडे निघालेली त्यांनी त्या रात्री प्रथमच पाहिली. कोदंडाने तिला वाचविले, तेव्हा लोकांनी टाळ्या वाजविल्या. अक्कांचे लक्ष नदीकाठावरच राहिले. परतीच्या एस. टी. त त्यांनी यजमानांना प्रथमच सगळे सांगितले. आप्पांच्या अटी, पाण्याची वाटी, न भरलेली फी. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. “मला सांगायचं होतंस,” एवढेच म्हणाले. पुढे कधी कधी, दुकान बंद करून घरी आल्यावर, ते एखादे पद म्हणायला सांगत. अक्का म्हणत, पण हळू आवाजात, दार लोटून.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते नाट्यगृह आगीत जळाले. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवराव भोसले यांची जयंती होती. दूरचित्रवाणीवर ज्वाळा पाहून हळहळणाऱ्या हजारो कोल्हापूरकरांप्रमाणे अक्काही रात्रभर जाग्या होत्या. यजमान त्याआधीच गेले होते. सकाळी नातीने सहज विचारले, “आज्जी, तू तिथं नाटक केलं होतंस का?” तेव्हा त्यांनी “तिथं नाही” असे म्हणून कपाटातून एका जुन्या पातळात गुंडाळलेली वही काढली.

शाळेच्या नावाचा शिक्का असलेली ती शंभर पानी वही. अक्षर सरांचे, वळणदार. पदे निळ्या शाईत, शेजारी पट्टी आणि ताल. समोरच्यांच्या वाक्यांची शेपटे कंसात. नातीने शेवटचा संवाद मोठ्याने वाचला आणि पान उलटले. तांबड्या शाईतला ‘पडदा’ आता विटकरी झाला आहे. त्यापुढची कोरी राहिलेली पाने नव्या सासुरवाशिणीने वाया घालवली नव्हती; त्यांवर १९६३ च्या जूनपासूनचा दुधाचा हिशेब आहे.